हातोहात जाणारी ज्योत

मंडळी, शिवजयंतीला पोरं किल्ल्यावरून शिवज्योत आणतात. एक दमला की दुसरा मशाल घेतो. आपल्या बारामती-इंदापूरकडं हे कुणाला नवीन नाही.

जगाच्या खेळांतही अशीच ज्योत असते. ग्रीस देशात ऑलिंपिया हे जुनं ठिकाण आहे. तिथं मशालीला काडी लावत नाहीत. खोलगट आरशात ऊन धरून ती पेटवतात. १९३६ साली ही ज्योत पहिल्यांदा तिथून धावत बर्लिनला नेली. धावणारे ३००० च्या वर होते. खेळ संपेपर्यंत ती तेवत ठेवतात.

आपल्या एका पैलवानालाही असा मान मिळाला. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली त्यांना ऑलिंपिकसाठी फिनलंडला जायचं होतं. जवळ पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर घर गहाण ठेवलं. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारतात एकट्या खेळाडूनं मिळवलेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक!

दिल्लीच्या आशियाई खेळांत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, तो १९८२ साली. मधे ३० वर्षं गेली. १९८४ साली ते वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो त्याच्याही नंतर.

ज्योत काय सांगते? एकट्याच्या पायानं लांबची वाट सरत नाही. आपल्या तालमीतल्या पोराला खुराक हवा, गाडीभाडं हवं. ते वेळेवर देऊ या. मागाहून हार घालून काय उपयोग?