कोरं पासबुक कोण छापतं?

आज आपण कॉम्प्युटरला काम सांगण्याच्या भाषेबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमिंगबद्दल बोलणार आहोत. रेडिओवर पडदा दिसत नाही, म्हणून एक वही आणि पेन जवळ घ्या. सुरुवातीचे काही दिवस तसंही कॉम्प्युटरपेक्षा वहीच जास्त लागते.

तुर्भ्यात कॉम्प्युटर काही नवा नाही. बाजार समितीच्या गाळ्यांवर, एमआयडीसीतल्या गोदामांत, दवाखान्यांत आपल्यातल्या कितीतरी जणी दिवसभर पडद्यावरचे रकाने भरतात. एमएस-सीआयटी केलेल्याही पुष्कळ आहेत. पण रकाने भरणं वेगळं आणि रकाने ठरवणं वेगळं. एखाद्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय पुढचं बटण दाबलंच जात नाही. विधवा असेल, घटस्फोट झालेली असेल, एकटी राहणारी असेल, ती बाई तिथेच अडकते. खिडकीतून उत्तर येतं, 'सिस्टिम घेत नाही हो ताई.' आता सिस्टिम आपल्या मनाने काही ठरवत नाही. हा रकाना सक्तीचा, असं कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. ते कसं लिहितात, त्याचा श्रीगणेशा आज करू.

जावा, पायथन, सी प्लस प्लस या भाषांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा म्हणतात. नाव भारी वाटतं, पण आपला बचत गट डोळ्यांसमोर आणा. गटाची पासबुकं छापून येतात. कोऱ्या पासबुकात काय असतं? नाव, शिल्लक, कर्ज अशा जागा. त्या कोऱ्या नमुन्याला म्हणायचं क्लास. मग एक पासबुक मंदाच्या नावाने भरलं, शिल्लक बाराशे. दुसरं शेवंताच्या नावाने, शिल्लक नऊशे. ही भरलेली दोन पासबुकं म्हणजे दोन ऑब्जेक्ट. नमुना एक, पासबुकं हवी तेवढी, आणि मंदाने पैसे भरले म्हणून शेवंताची शिल्लक हलत नाही. एवढं कळलं की पहिला धडा झाला.

पासबुकावर नुसती माहिती असते. क्लासमध्ये माहितीबरोबर कामंही लिहितात. पैसे भर, पैसे काढ, हप्ता फेड. या कामांना मेथड म्हणतात. 'पैसे काढ' या कामात आपण अट घालायची: मागितलेली रक्कम शिल्लकीपेक्षा जास्त असेल तर नकार दे, नाहीतर शिल्लक तेवढी कमी कर. गटाच्या बैठकीत सचिव जे तोंडी सांगते, तेच इथे ओळीने लिहायचं.

पायथन शिकताना नवशिक्या जणी हमखास अडखळतात ती जागा आता सांगते. तिथे सेल्फ असा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. सेल्फ म्हणजे 'ह्या पासबुकाचं'. कोरा नमुना लिहिताना पुढे ते कुणाच्या नावाने भरलं जाणार हे माहीत नसतं, म्हणून 'ज्याचं त्याचं' असं सांगून ठेवावं लागतं. सेल्फ न लिहिता नुसतं शिल्लक लिहिलं, तर आकडा पासबुकात चढत नाही. जावामध्ये याच कामासाठी धिस हा शब्द आहे.

नवं पासबुक उघडताना काय काय सांगितलंच पाहिजे, हे ठरवणारीही एक मेथड असते. तिला कन्स्ट्रक्टर म्हणतात. मघाचा नवऱ्याच्या नावाचा अडसर नेमका अशा जागी बसवलेला असतो. सभासद होण्यासाठी नाव हवं आणि पहिली बचत हवी, बाकीचं नंतर भरलं तरी चालेल, असं तिथे लिहिता येतं. दोन ओळींचा फरक असतो, पण लिहिणारीला त्या बाईची आठवण व्हायला हवी.

आता कुलपाची गोष्ट. कुठलीही सभासद स्वतः पेन घेऊन आपली शिल्लक खोडत नाही. पैसे भरले किंवा काढले, तरच आकडा बदलतो. प्रोग्रॅममध्येही शिल्लक थेट बदलू द्यायची नाही, मेथडमधूनच बदलायची. याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. जावात प्रायव्हेट हा शब्द लिहून अशी कडी घालतात. पायथनमध्ये नावाआधी एक अंडरस्कोअर लावतात, पण ती नुसती खूण आहे, 'बाहेरून हात लावू नका' एवढंच सांगणारी.

शेवटची कल्पना वारशाची, इन्हेरिटन्स. त्यासाठी बचत गटातून उठून आपल्या बाजारात जाऊ. 'माल' नावाचा एक क्लास करा. त्यात नाव, नग आणि दर. रक्कम काढायची तर नग गुणिले दर. मेथीची जुडी आणि हापूसची पेटी या हिशेबात सरळ बसतात, त्यांना वेगळं काही लिहावं लागत नाही. कांदा मात्र गोणीतून येतो, वजनावर जातो, आणि त्यातून बारदानाचं वजन वजा होतं. म्हणून कांद्याने बाकी सगळं 'माला'कडून घ्यायचं, पण रक्कम काढायची रीत आपली लिहायची. हुकूम एकच, 'रक्कम काढ', आणि ज्याने त्याने तो आपल्या रीतीने पाळायचा.

ही विचारपद्धत निघाली १९६०च्या दशकात नॉर्वेमधल्या ओस्लो शहरात. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नायगार्ड या दोघांना रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांची नक्कल कॉम्प्युटरवर करायची होती. त्यातून सिम्युला ही भाषा झाली. बाजाराच्या गेटवर उभ्या ट्रकांची रांग आठवा, म्हणजे प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद त्यांना का हवी होती ते कळेल. पुढे अमेरिकेत स्मॉलटॉक ही भाषा घडवणाऱ्या गटात अ‍ॅडेल गोल्डबर्ग ही बाई होती. या गटाने ती भाषा शाळकरी मुलांना शिकवून पाहिली. मुलांना जमलं, तर गटाचे हिशेब ठेवणाऱ्या बाईला का जमू नये?

इंग्रजीची भीती अनेकींना वाटते. पायथनमध्ये ठरलेले इंग्रजी शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. क्लास, इफ, रिटर्न असे. बाकी नावं तुम्ही देवनागरीतही देऊ शकता. शिल्लक, भरणा, हप्ता, सगळं चालतं. फक्त आकडे इंग्रजी लिहायचे आणि नावात मोकळी जागा सोडायची नाही. चूक झाली की पडद्यावर लांबलचक मजकूर येतो. घाबरू नका. पायथनमध्ये आधी सगळ्यात खालची ओळ वाचा. काय बिघडलं ते तिथे असतं, आणि कुठल्या ओळीत बिघडलं ते तिच्या वर.

शिकायचं कुठे? खाडीपलीकडे पवईला आयआयटी मुंबई आहे. तिथल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ केले आहेत, मोफत. जावासकट बऱ्याच विषयांचं निवेदन मराठीत आहे. पाठ थोडा ऐकायचा, थांबवायचा, तेवढंच आपण टाइप करायचं. काही पाठ जुने आहेत, त्यामुळे पडदा थोडा वेगळा दिसेल. कॉम्प्युटर नसेल तर फोनवर पायथन चालवणारी मोफत अ‍ॅप मिळतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. एवढ्यावर नोकरी मिळत नाही. त्याला पुढे बराच अभ्यास आणि सराव लागतो. महिन्याभरात नोकरीची हमी देऊन कुणी मोठी फी मागत असेल, तर आधी हे मोफत पाठ करून बघा, आपल्याला गोडी आहे का ते कळेल. पण नोकरी नाही मिळाली तरी यापुढे 'सिस्टिम घेत नाही' म्हटल्यावर तुम्ही गप्प बसणार नाही. 'हा रकाना सक्तीचा कुणी केला आणि तो बदलायला कुणाला सांगायचं?' असं विचाराल.

आता गृहपाठ. वहीच्या पानावर मधोमध एक आडवी रेघ मारा. वर लिहा, सभासदाची कोणती माहिती ठेवायची. खाली लिहा, तिच्या पासबुकावर कोणती कामं होतात. मग प्रत्येक माहितीसमोर लिहा, ही सक्तीची की ऐच्छिक, आणि का. हे पान गटाच्या बैठकीत दाखवा, मैत्रिणींना त्यातलं काय खटकतं ते विचारा. ते पान म्हणजेच तुमचा पहिला क्लास. टाइप करायला बसाल तेव्हा अर्धं काम झालेलं असेल.