इंजिन गार नको, योग्य गरम हवे

"इंजिन गार ठेवणे हे रेडिएटरचे काम नाही," वक्त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आणि सभागृहात कुजबुज झाली. विषय होता वाहनांचे इंजिन थंड कसे राखतात हा. वक्त्यांच्या मनात मात्र एकच गोष्ट होती: इंजिनाला ठरावीक ऊब लागते आणि ती राखणारा थर्मोस्टॅट गॅरेजमध्ये सर्रास काढून टाकला जातो.

प्राथमिक भाग त्यांनी "हे आपण सारे जाणताच" म्हणत उरकला. इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तेवढाच सायलेन्सरवाटे जातो आणि उरलेल्याची सोय लावावी लागते. जुन्या बुलेटच्या सिलिंडरवरच्या फिन्स ती उष्णता थेट वाऱ्याला देतात. जुन्या चेतक स्कूटरचे इंजिन झाकलेले, म्हणून तिथे पंखा वारा मारतो. काही मोटारसायकलींत ऑइल छोट्या कूलरमधून फिरते. मोटारीत हे काम पाणी करते.

मग होंडांची गोष्ट निघाली आणि घड्याळाकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा हवेने इंजिन थंड करण्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. पाणीही शेवटी हवेनेच थंड होते, मग मध्ये पाणी कशाला, असा त्यांचा सवाल. या हट्टातून आरए३०२ ही फॉर्म्युला वनची गाडी तयार झाली. होंडाचे चालक जॉन सर्टीज यांनी ती चालवायला नकार दिला. ७ जुलै १९६८ रोजी रुआँ येथील शर्यतीत ती ओल्या रस्त्यावर घसरून पेटली आणि ती चालवणारे जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. तरीही १९६९ची होंडा १३०० हवेवरच आली. कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांनी धुराच्या नियमांकडे बोट दाखवले: सिलिंडरच्या भिंतींचे तापमान हाती नसेल, तर ज्वलनही हाती राहत नाही. अखेर होंडांनी मान्य केले. १९७२ची सिव्हिक पाण्याने थंड होणारी निघाली.

"तापमान हाती असणे, हाच मुद्दा!" वक्ते म्हणाले आणि थर्मोस्टॅटवर आले. त्यातले मेण साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास वितळून फुगू लागते आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. झडपच काढली, तर इंजिन तापायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइलमधला ओलावा उडून जात नाही.

"खंबाटकी घाट चढताना गाडी उकळते, तेव्हा तुमचे मेण काय करणार?" मागून एका ट्रकमालकांनी विचारले. टाळ्या पडल्या. वक्त्यांचा आवाज चढला. पूर्ण उघडलेली झडप पाणी अडवत नाही. दोष चोंदलेल्या रेडिएटरचा, सैल पट्ट्याचा, बंद पंख्याचा किंवा झिजलेल्या वॉटर पंपाचा असतो. झडप अडकली असेल तर नवी बसवा! बोअरचे पाणी ओतून आत क्षार साठवायचे आणि शिक्षा थर्मोस्टॅटला, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते.

रेडिएटरच्या झाकणासाठी त्यांनी प्रेशर कुकर आठवला. चौरस इंचाला १५ पौंड जादा दाब असला, की पाणी सुमारे १२१ अंशांना उकळते. म्हणून गरम गाडीचे झाकण उघडू नये. "शिट्टी कुठाय?" कोणीतरी ओरडले. हशा ओसरल्यावर त्यांनी गंभीरपणे सांगितले, की दाब वाढला की झाकणाची स्प्रिंग उचलली जाते आणि जादा कूलंट बाजूच्या बाटलीत जाते.

एवढ्यात संयोजकांची चिठ्ठी आली. विजेच्या गाड्यांना जेमतेम तीन मिनिटे मिळाली. जुन्या निसान लीफची बॅटरी हवेवर, तर नेक्सॉन ईव्हीची द्रवावर थंड होते. कडाक्याच्या थंडीत मात्र चार्जिंगआधी बॅटरी गरम करावी लागते, हे सांगताना वक्त्यांचा चेहरा खुलला.

शेवटचा प्रश्न एका विद्यार्थिनीचा होता: थर्मोस्टॅटची झडप बिघडली हे ओळखायचे कसे? हायवेवर बराच वेळ चालूनही तापमानाचा काटा वर येत नसेल, तर ती उघडी अडकली असावी किंवा काढलेली असावी. शंका असल्यास ती काढून पातेल्यातल्या पाण्यात टाकावी, थर्मामीटर धरून पाणी तापवावे आणि झडपेवर छापलेल्या अंशाच्या आसपास ती उघडते का ते पाहावे.