हलगी आणि ड्रम
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



"तुमच्या त्या बँडच्या आठवणी सांगा," असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नकोच म्हणालो. तो बँड जेमतेम चौदा महिने चालला. त्याची एक तबकडी नाही की छायाचित्र नाही. पण चिटणीसबाईंपुढे कोणाचे काही चालत नाही, हे आपण जाणताच.

बँड म्हटले की लाल कोट घातलेला वरातीतला बँड डोळ्यांपुढे येतो. आमचा तसा नव्हे. दोन गिटार, एक बेस गिटार आणि ड्रम, एवढ्यावर इंग्रजी गाणी म्हणणारा तो रॉक बँड. १९६६ साली 'तीसरी मंज़िल' हा बोलपट आला, त्यात शम्मी कपूर ड्रम वाजवितो. तो ज्यांनी पाहिला असेल, त्यांना माझ्यापुढे काय काय मांडलेले असे ते सांगायला नको. मात्र तशी मान उडवून वाजवू लागले तर ताल सुटतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या घरी हलगी. आजोबा वाजवीत, वडील वाजवीत. लग्न, जत्रा, मयत, काहीही असो, बोलावणे आले की निघायचे आणि देतील ते घ्यायचे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धर्मांतर केले, त्याच्या आगेमागे गावोगावच्या पुष्कळ महार घरांनी असले वाजविणे टाकून दिले. त्यांनी केले ते योग्यच केले, असे मी म्हणतो. आम्ही मांगाचे, आमच्या वडिलांनी टाकले नाही, कारण खाणारी तोंडे सात होती. कलेचे प्रेम वगैरे नंतरच्या गोष्टी.

मी १९६९ साली दौंडच्या लोकोशेडमध्ये खलाशी म्हणून लागलो. दौंड म्हणजे तेव्हा कोळशाच्या इंजिनांचे गाव. रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. कोणी ड्रायव्हर, कोणी गार्ड. त्यांचा नाच-गाण्याचा शौक रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये चाले. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी दोन काड्यांनी तेलाचा डबा वाजवीत बसलो होतो. एका गार्डसाहेबांचा मुलगा थबकून ऐकत राहिला आणि मला इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेला. त्यांचा ड्रमवाला बदली होऊन गेला होता आणि नाताळ तोंडावर आला होता. हे १९७० साल.

ड्रम काही सोपा निघाला नाही. हलगीला उजव्या हातात जाड टिपरे, डाव्या हातात बारीक काडी. वजन उजव्याचे, डावा हात नुसता भरणा करतो. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ठणकावून द्यायची, आणि ती डाव्या हाताने! शिवाय पायाने मोठा ढोल. मी दोन महिने रात्री ज्वारीच्या पोत्यावर डावा हात घोटला. शेजारच्या मावशी म्हणत, "पोरा, दळायचंय का मळायचंय?"

एक गोष्ट मात्र मला येत होती आणि त्यांना येत नव्हती. अमेरिकेत १९५७च्या सुमारास ड्रमवर चढवायचे प्लास्टिकचे पान निघाले. त्याला ऊन-पाऊस सारखाच. आमचा संच जुना, त्यातल्या दोन ढोलांना अजून कातडेच होते. पावसाळी हवेत ते आवाज टाकी. मी बाहेर कागद पेटवून, आंच दुरून देत ते तापवून आणले. गिटारवाली पोरे बघतच राहिली.

आता शिरूरचा प्रसंग सांगतो. १९७१च्या वैशाखात तिथल्या एका सधन घरी लग्न होते. मुलाला हौस, म्हणून आमचा बँड दौंडाहून बोलावला. आणि वरातीला हलगी हवी, म्हणून आमचे वडील. दोन्ही आमंत्रणे एकाच घरातून गेली, पण आमचे नाते त्यांच्या ध्यानात आले नसावे. मांडवात आमच्या ढोलाखाली सतरंजी, आम्हांला खुर्च्या, चहा कपबशीत. बाहेर लिंबाखाली वडिलांपुढे त्यांचाच जर्मनचा पेला, त्यात चहा वरून ओतलेला. अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ सालचा, म्हणजे सोळा वर्षांचा झाला होता. आत ढोल होता, बाहेर हलगी होती, आणि दोहोंवर कातडेच होते.

मी कपबशी घेऊन लिंबाखाली जाऊन बसलो. गार्डसाहेबांचा मुलगाही आपला कप घेऊन मागोमाग आला. त्याला यातले काही ठाऊक होते की नाही, मी विचारले नाही. त्याने हलगी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, आणि टिचकी मारून आवाज ऐकला. मांडवाच्या दारात माणसे जमली. तेवढ्यात घरातल्या एक वृद्ध बाई पुढे आल्या. वडिलांचा पेला त्यांनी बाजूला सारला, आतून कपबशी मागविली आणि स्वतः हातात दिली. बोलल्या काहीच नाहीत.

मग आम्ही वाजविले. वडिलांनी माझा ड्रम तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. रात्री म्हणाले, "डावा हात सुधारला रं तुझा. पण पायानं लई बडवतोस."

१९७२च्या आरंभी तो मुलगा आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला. अशी कितीतरी घरे त्या वर्षांत दौंडातून गेली. दुसरा गिटारवाला मुंबईला. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आमची आई खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली, संध्याकाळी सुकडी पदरात बांधून आणी. इंग्रजी गाणी ऐकायला कोण बोलावणार? ड्रमचा संच मी पुसून इन्स्टिट्यूटमध्ये ठेवून आलो. चौदा महिन्यांत अकरा कार्यक्रम झाले. वडिलांची हलगी मात्र माझ्याजवळ आहे.

मंडळाने यंदा लेझीम बसवायचे ठरविले आहे आणि हलगीसाठी मला विचारले आहे. मी अवश्य येईन. हल्ली फायबरच्या पानाच्या हलग्या मिळतात, त्यांना तापवावे लागत नाही. पण मी वडिलांचीच आणणार आहे. तेव्हा सराव सभागृहात न ठेवता पटांगणात ठेवावा, आणि कोणीतरी चार गोवऱ्या आणून ठेवाव्यात.