शोध रोग्याचा की रोगाचा?



१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढल्याच वर्षी पुण्यात गोरे सोजीर रोगी शोधण्यासाठी घराघरांत शिरले. देवघर-माजघराचीही मर्यादा राहिली नाही. त्या संतापाची परिणती रँडच्या वधात झाली, हे आपण जाणताच. परंतु ज्याचा माग काढायला हवा होता, तो उंदीर बिळात सुरक्षित होता.

हा उलगडा पुढे मुंबईतच झाला. डॉ. लिस्टन आणि १९०५ साली कामाला लागलेल्या प्लेग आयोगाचे शास्त्रज्ञ यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवले. काही पिंजऱ्यांना बारीक जाळी होती, काही उघडे होते. घर तेच, हवा तीच. पण पिसवा पोहोचल्या तेथेच गिनीपिगना प्लेग झाला. मेलेले उंदीर कोठे सापडले, याच्याही नोंदी ठेवल्या गेल्या. उंदरांतील साथीनंतर सुमारे १० ते १४ दिवसांनी माणसांत साथ येते, असे दिसले. म्हणजे मेलेला उंदीर ही पूर्वसूचनाच! घर वेळीच सोडणे, धान्य झाकणे आणि हाफकिन यांची लस यांना त्यामुळे अर्थ आला.

१८९७ साली हे ज्ञान नव्हते, हे मान्य. पण माणुसकी तर होती! त्याच वर्षी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. साथ आटोक्यात आणायची तर प्रयोगशाळेची चिकाटी आणि ही सेवावृत्ती, दोन्ही हवीत. भयाने दारे बंद होतात, विश्वासाने उघडतात.