रविवारचे उंडे, बुधवारचं जेवण



मागच्या महिन्यात आपल्या केंद्राकडे मुलुंडच्या एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आला. त्यांच्या मुलांना लाझान्या आवडतो. तो थरांचा न करता गुंडाळ्यांचा केला आणि फ्रीजरमध्ये ठेवला, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सुटतील का, असं त्यांनी विचारलंय. सुटतील. त्याची कृती आज सांगणारच आहे. पण आधी आपल्या घरातल्या गुंडाळीबद्दल बोलू या. पसरायचं, सारण लावायचं, गुंडाळायचं, शिजवायचं आणि लागेल तेवढंच कापून घ्यायचं, हा सगळा खेळ आपण पिढ्यान्‌पिढ्या अळूच्या पानावर खेळत आलोय. अळूवडी जिला नीट जमते, तिला लाझान्याची गुंडाळी शिकवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

प्रश्न संध्याकाळच्या जेवणाचा आहे, आणि तो उपनगरात राहणाऱ्या बाईचा खास प्रश्न आहे. बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून सीएसएमटी, जायला तास आणि यायला तास, वर स्टेशनपर्यंतची रिक्षाची रांग. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सोडली. तेव्हापासूनच काय, त्याच्या कितीतरी आधीपासून बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, मेथी निवडली जाते. डब्यातली ही निवडणी पाहून बाहेरच्यांना मोठं कौतुक वाटतं. मला त्यात कौतुकापेक्षा घड्याळ दिसतं. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं आढळलं, की घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास. गाडी अर्धा तास उशिरा आली की घरातली चार माणसं भुकेली बसतात, कारण स्वयंपाकाच्या साखळीतली शेवटची कडी त्या गाडीत उभी असते. फ्रीजरमधला डबा ही साखळी थोडी सैल करतो. तुम्ही पोचायच्या आत दुसरं कुणीतरी ताट मांडू शकतं. मला यातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. वेळ वाचतो तो वेगळाच.

आता अळू. वडीसाठी काळपट देठाचा, जाडसर पानाचा अळू घ्या. हिरव्या देठाचा कोवळा अळू फदफद्याला चांगला. श्रावणात पानं मुबलक आणि स्वस्त असतात, गणपतीच्या तोंडावर भाव चढतो. म्हणून उंडे करून ठेवायचे असतील तर श्रावणाचा पहिला पंधरवडा बरा. भाजीवालीला अळू कुठला ते विचारायला लाजू नका. रेल्वेच्या रुळांकडेला अळू, पालक, लाल माठाचे वाफे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. रेल्वेनं ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेत या जमिनी कसायला दिल्या होत्या. तिथं अनेक ठिकाणी शेजारच्या नाल्याचं पाणी शिंपलं जातं. पान धुतलं की माती जाते, पानात मुरलेलं जात नाही. वसई-विरारकडच्या वाडीवाल्या बायका टोपली घेऊन येतात, त्यांच्याकडचा अळू मिळाला तर दोन रुपये जास्त गेले तरी चालतील.

बारा-चौदा मोठी पानं घ्या. देठ कापा, पान पालथं घालून मागची जाड शीर सुरीनं तासा आणि वरून हलकं लाटणं फिरवा. शीर उभी राहिली तर गुंडाळी फुगते आणि मध्ये पोकळी राहते. पोकळीत वाफेचं पाणी साठतं, फ्रीजरमध्ये त्याचा बर्फ होतो, आणि तळताना वडी तिथंच उलगडते. एरवी खपून जाणारी कसर फ्रीजर बाहेर काढतो.

सारणाला दोन वाट्या बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ, तेवढाच गूळ, तिखट, हळद, हिंग, धणे-जिऱ्याची पूड, तीळ, मीठ आणि चमचाभर तेल. पीठ पानावर बोटांनी सारवता यावं, पण ओघळू नये इतपत घट्ट हवं. चिंच कमी करू नका. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांच्यामुळे. आंबट आणि पुरेशी वाफ, या दोन्हींनी तो त्रास आटोक्यात येतो. गारठ्यानं खाज जात नाही, तेव्हा कच्चट उंडा फ्रीजरमध्ये ठेवून काही साधत नाही.

सगळ्यांत मोठं पान खाली, पालथं. त्यावर पीठ सारवा. दुसरं पान उलट्या टोकानं, पुन्हा पीठ. असे चार-पाच थर. दोन्ही बाजू आत मुडपा आणि घट्ट गुंडाळत न्या, प्रत्येक वळशाला पिठाचं बोट फिरवत. चाळणीला तेल लावून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली पाहिजे. घाटकोपरच्या आपल्या गुजराती शेजारणी यालाच पात्रा म्हणतात, आणि मंगळूरकडची मंडळी बेसनाऐवजी तांदळाचं वाटण लावून पत्रोडे करतात. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत गोठवलेला पात्रा पाकिटात मिळतो. सातासमुद्रापलीकडे जो टिकतो, तो आपल्या स्वयंपाकघरातही टिकेल.

आता गोठवण्याचं. उंडे पूर्ण गार होऊ द्या, पण दिवसभर ओट्यावर ठेवू नका. दोन तासांच्या आत थंडीत गेले पाहिजेत. गरम उंडा डब्यात घातला तर झाकणाला पाणी सुटतं आणि ते थेंब वड्यांवर गोठतात. गार उंड्याच्या बोटभर जाडीच्या वड्या कापा, ताटात एकमेकींना न चिकटतील अशा मांडा आणि ताट तसंच तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. दगडासारख्या झाल्या की मग डब्यात किंवा जाड पिशवीत, हवा काढून भरा. आधी सुट्या गोठवल्यामुळे हव्या तेवढ्याच निघतात. अख्खा उंडाही ठेवता येतो, पण तो आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायला लागतो, आणि तेवढी आठवण राहिली असती तर आपल्याला फ्रीजर लागलाच नसता.

वड्या पातळ कापायला सांगते त्याला कारण आहे. घरचा फ्रीजर सावकाश गोठवतो. सावकाश गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि पदार्थाच्या पेशी फोडतात. मग वितळताना पाणी सुटतं. तुकडा पातळ तर गोठणं लवकर. म्हणूनच काकडी, कच्चा टोमॅटो, उकडलेला बटाटा तिथं बिघडतात. बेसनाचं पीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे अळूवडी आणि कोथिंबीर वडी उत्तम राहतात. सुरळीची वडी मात्र ठेवू नका, तिचा मऊपणा जातो आणि ती चिरफळते.

किती दिवस? दोन दारांचा फ्रिज असेल आणि वरच्या कप्प्यात उणे अठरा अंशांच्या आसपास थंडी राहत असेल, तर दीड-दोन महिने चव टिकते. एकाच दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो, त्यात पंधरा दिवसांच्या वर नको. डब्यावर तारीख लिहा. गारठ्यानं जंतू झोपतात, मरत नाहीत. म्हणून एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

इथं घरोघर एक वाक्य येतं: ‘शिळं खायला घालतेस होय?’ सासूबाई म्हणतात, कधी आपली आईही म्हणते. मी त्यांची चेष्टा करणार नाही. ज्यांनी फ्रिज नसताना संसार केला, त्यांच्यासाठी कालचं म्हणजे आंबलेलं हा अनुभव होता. गोदरेजनं १९५८ मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली, तो कारखाना आपल्या विक्रोळीचाच. पण आसपासच्या चाळींत तो पोचायला अनेक वर्षं गेली. पण त्याच सासूबाईंनी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड वाळवून वर्षभर पुरवलेत ना? त्यांनी पदार्थातलं पाणी उन्हानं काढून घेतलं, आपण त्याचा बर्फ करतो. त्यांना असं समजावून पाहा. नैवेद्याचं ताट मात्र वेगळं. ज्या घरात देवाला ताजंच लागतं, तिथं त्या दिवशी ताजी वाफवावी, वाद घालू नये.

आता लाझान्या. मूळचा इटलीतला प्रकार म्हणजे रुंद पट्ट्यांचे थर रचून भाजलेला. तो गोठवला की वीट होते आणि एकट्याला खायचं तर अख्खी वीट वितळवायला लागते. गुंडाळीचा फायदा तोच, जो वड्यांचा: माणशी दोन मोजून काढा. चार माणसांना आठ पट्ट्या. मिठाच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधीच काढा, कारण त्या पुन्हा शिजणार आहेत. ओल्या फडक्यावर तेलाचा हात लावून पसरा. सारणाला पालकाची एक जुडी उकळत्या पाण्यातून काढून अगदी कोरडी पिळलेली, दोनशे ग्रॅम पनीर कुस्करून, लसूण, मिरपूड, चिमूटभर जायफळ. गोठवलेलं पनीर भुसभुशीत होतं, पण इथं ते कुस्करलेलंच असल्यानं कळतही नाही. कडेला बोटभर जागा सोडून पातळ थर लावा आणि गुंडाळा. किलोभर टोमॅटो, कांदा आणि लसूण आटवून घट्ट रस्सा करा. थोडा खाली, बाकीचा वर, त्यावर किसलेलं चीज. पट्ट्या महाग वाटल्या तर पातळ चपाती वापरणाऱ्याही पुष्कळ आहेत. चव वेगळी लागते, पोट तेवढंच भरतं.

हे ॲल्युमिनियमच्या डब्यात गोठवा. काचेचं भांडं फ्रीजरमधून थेट गरम भट्टीत गेलं तर तडकतं. आदल्या रात्री खाली उतरवून ठेवा. ओव्हन असेल तर १८० अंशांवर अर्धा ते पाऊण तास. नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, वर झाकण, मंद आचेवर तेवढाच वेळ. मधोमध वाफ आली पाहिजे, नुसतं चीज वितळून भागत नाही.

एक इशारा विजेचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर उपनगरांत बऱ्याच ठिकाणी दिवसेंदिवस दिवे नव्हते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा लोकलही जागच्या जागी थांबल्या. फ्रीजर भरलेला आणि दार बंद असेल तर काही तास काळजी नाही. तुम्ही घरी नसताना वीज किती वेळ गेली ते कळायला एक सोपी युक्ती आहे: वाटीभर पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं, तर मधल्या वेळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग वड्या कितीही छान दिसोत, टाकून द्या.

नुसती अळूवडी म्हणजे जेवण नव्हे, हे मला ठाऊक आहे. वरण-भात, वड्या आणि काकडीची कोशिंबीर एवढं पुरे, आणि यातलं काहीही बारा वर्षांच्या मुलाला किंवा पंचेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला अवघड नाही. अट एकच. कृती त्यांना तोंडी सांगायची नाही, फोनवर तर नाहीच. गाडीत नेटवर्क जातं. फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावा. तिच्यात लिहा: तांदूळ दोन वाट्या, पाणी चार, डाळीचा डबा वर, तीन शिट्ट्या. वड्या माणशी चार, वरचा बर्फ फडक्यानं पुसून घ्यायचा, नाहीतर तेल उडतं. तवा मंद आचेवर, तेल तीन चमचे, झाकण ठेवून पाच मिनिटं, मग उलटून पाच मिनिटं, शेवटी झाकण काढून कुरकुरीत करायच्या. डबा लगेच परत फ्रीजरमध्ये. आणि खाली ठळक अक्षरांत: तवा घासून ठेवणे.