उतारवयातला चढ



आत येताना बाहेर लावलेली वाहनं पाहिली. स्कूटरींची रांग, तीन-चार मोटारी आणि एक सायकल. ती माझी. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी कैची मारत सायकल शिकलेले असतील, सायकलनं कॉलेजात गेले असतील. ती सायकल आता कुठे आहे? बहुतेकांच्या घरी जिन्याखाली, दोन्ही चाकांतली हवा गेलेली. भंगारवाला दर महिन्याला दारावरून जातो, तरी ती त्याला दिलेली नाही. म्हणजे माया आहे, फक्त बसणं सुटलं आहे. ते का सुटतं आणि पुन्हा कसं जमवायचं, एवढंच आज मला बोलायचं आहे.

माझं सुटलं ते त्रेसष्टाव्या वर्षी. आपल्या उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडसमोर सकाळी इंदूरच्या गाड्या सुटायची गर्दी होती. मी ब्रेक लावला आणि नेहमीसारखा उजवा पाय मागून फिरवून उतरू लागलो. पाय कॅरिअरला अडला, सायकल माझ्यावर आणि मी रस्त्यावर. वेग शून्य होता, कुणी धडक दिली नव्हती. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. घरच्यांनी सांगितलं, आता पुरे. मलाही ते पटलं, आणि आठ महिने मी सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या आठ महिन्यांत लक्षात आलं की सायकल चालवताना मी कधीच पडलो नव्हतो, पडलो तो उतरताना. नेदरलँड्समध्ये, जिथे म्हातारी माणसं सर्रास सायकलवर दिसतात, तिथेही हेच दुखणं आहे. ट्वेंटे विद्यापीठातल्या अभियंत्यांनी तर थांबताना सीट आपोआप खाली येईल अशी सायकल बनवून पाहिली, कारण वयस्क माणसाचा घात होतो तो चढता-उतरताना. कंबर पूर्वीसारखी वळत नाही, एका पायावरचा तोल टिकत नाही. तरी आपण टांग मात्र विशीतल्यासारखीच टाकतो.

यावरचं उत्तर साधं आहे आणि ते आपल्या घराघरांत होतं. बिनदांड्याची सायकल, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो. पाय पुढून घालायचा, सीटवर टेकायचं, निघायचं. माझ्या वयाच्या एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, लोक काय म्हणतील? या एका वाक्यानं जितक्या सायकली जिन्याखाली घातल्या असतील, तितक्या गुडघेदुखीनंही घातल्या नसतील.

ही लाज जुनी आहे. १९०२ साली फ्रान्समध्ये डोंगराळ रस्त्यावर २४० किलोमीटरची एक चाचणी झाली. एकीकडे एदुआर फिशर हा नामांकित सायकलपटू, बिनगिअरच्या सायकलवर. दुसरीकडे मार्त एस ही स्त्री, तीन गिअरच्या सायकलवर. मार्त एस सहज जिंकली. त्यावर आंरी देग्रांज, ज्यांनी पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली, यांनी लिहिलं की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांनी वापरावेत, यंत्राच्या युक्तीपेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणं बरं. त्या शर्यतीत गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. आज जगातला सर्वांत तगडा सायकलपटूही गिअरशिवाय डोंगर चढत नाही. हलका गिअर टाकणं म्हणजे हार, ही समजूत तेव्हाही चुकीची होती.

इथून महाकाळच्या मंदिराकडे जाताना हरिफाटकाचा पूल लागतो. माळव्याच्या या सपाट पठारावर आपल्या वाट्याचा घाट तोच. पूर्वी मी तो जड गिअरमध्ये, सीटवरून उठून, दात आवळून चढायचो. आता पुलाच्या पायथ्याशी पोचायच्या आधीच गिअर हलका करतो. मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या होतील असे पाय फिरू देतो, सीटवरून उठत नाही. वेळ दुप्पट लागतो, पण दुसऱ्या दिवशी गुडघा तक्रार करत नाही. जड पॅडल सावकाश दाबण्यानं गुडघ्याच्या वाटीवर भार येतो, हलकं पॅडल भराभर फिरवल्यानं तो भार वाटला जातो.

आता सीट. बहुतेक जण दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून सीट अगदी खाली घेतात, आणि मग गुडघा पुढून दुखतो म्हणून सायकल सोडतात. भिंतीला धरून सीटवर बसा. पॅडल सर्वांत खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर कलता कामा नये. मग चवडा पॅडलवर ठेवलात की गुडघ्याला नेमका थोडा बाक राहतो. गुडघा मागून ओढतो तेव्हा सीट बहुधा वर असते, पुढून ठणकतो तेव्हा बहुधा खाली. पान्याचे चार आटे, एवढंच काम. ज्यांना थांबताना पाय टेकण्याची धास्ती आहे, त्यांनी पहिले पंधरा दिवस सीट थोडी खाली ठेवावी आणि मग बोटबोटभर वर न्यावी. हँडल मात्र सीटपेक्षा उंच घ्या. मान वर करून वाकून बसायचे दिवस गेले. मान मागे वळत नसेल तर उजव्या हाताशी आरसा बसवा. इंदूर रोडवर मागून येणारी बस कानांनी ओळखायची हा जुना भरवसा सोडावा.

आपल्या भाषेनं वयाला ‘उतारवय’ म्हटलं. पण त्याच भाषेत दुखण्याला उतार पडतो तेव्हा आपण सुस्कारा टाकतो. सायकलवाल्यासाठी उतार म्हणजे पाय थांबवून वारा घ्यायची जागा. तिथे पॅडल मारायचं नसतं, ब्रेकवर बोटं ठेवायची असतात.

अमिआँ गावात १९११ साली जन्मलेले रोबेर मार्शां यांची गोष्ट या संदर्भात सांगितली पाहिजे. ते सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा सायकलकडे वळले. शंभराव्या वर्षी त्यांनी एका तासात सव्वाचोवीस किलोमीटर अंतर कापलं. मग व्हेरोनिक बिया या शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा सराव आखून दिला. बहुतेक वेळ आरामात, थोडा वेळ दमवून. दोन वर्षांनी तेच अंतर २६.९२७ किलोमीटर झालं. प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी आणि पायांतली ताकद ३९ टक्क्यांनी वाढली, शंभरी उलटल्यावर. एकशे पाचाव्या वर्षी आकडा २२.५४७ वर आला. नंतर त्यांनी विक्रम सोडले आणि घरातल्या उभ्या सायकलवर पाय चालू ठेवले. २०२१ मध्ये ते गेले, वय १०९. मला त्यांचा विक्रम जितका मोलाचा वाटतो, तितकंच रस्त्यावरून घरातल्या सायकलवर येणंही.

सायकलनं सगळं भागत नाही, हेही सांगतो. सायकलवर शरीराचा भार सीट पेलते, म्हणून हाडांना बळ मिळायला ती पुरी पडत नाही. त्यासाठी चालणं हवं, जिना हवा, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं हवं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पडणं महागात पडतं, म्हणून हेल्मेट घालाच आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. वयाबरोबर तहान लागल्याचं कळेनासं होतं, तेव्हा वैशाखात इथल्या उन्हात निघायचं तर तहानेची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी घोट घ्यावा आणि साडेआठच्या आत घर गाठावं.

बॅटरीच्या सायकलीबद्दल बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. मोकळ्या आवाजात विचारा. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली सायकल आपल्या कायद्यात मोटार वाहनात धरत नाहीत, लायसन लागत नाही. समोरच्या वाऱ्यात किंवा पुलावर ती थोडा हात देते, पाय आपणच मारायचे असतात. मी अजून घेतलेली नाही. सत्तरीत घेईन.

माझा आताचा नेम असा आहे. आठवड्यातून चार दिवस, इथून त्रिवेणीच्या शनिमंदिरापर्यंत आणि परत. एखाद्या रविवारी चिंतामण गणेश, येताना वेधशाळेपाशी दहा मिनिटं थांबणं. राजा जयसिंगानं बांधलेली तिथली यंत्रं पडीक झाली होती. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्यांची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपट्यांनी तिथलं काम हाती घेतलं. म्हणून तिथल्या सूर्यघड्याळाच्या दगडी भिंतीची सावली आजही वेळ सांगते. मी तिच्यावरून वेळ पाहतो आणि निघतो.

आता एक विनंती. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला नानाखेड्याच्या स्टेडियमच्या फाटकापाशी या. जिन्याखालची सायकल घेऊन या. हवा नसेल तर हातात धरून चालवत आणा. पंप, पाना आणि तेलाची कुपी माझ्याकडे असेल. प्रत्येकाची सीट मी स्वतः लावून देईन. त्या दिवशी फक्त स्टेडियमला एक फेरी मारायची आहे.