प्रयोगशाळा, गोठा आणि सरकार



देशात नवे शोध लागावेत, ते कारखान्यांत उतरावेत आणि लोकांच्या घरांत पोहोचावेत, यासाठी काय करावे, हा आजचा विषय. विषय मोठा आणि वेळ थोडा. तेव्हा आम्ही सिद्धान्ताच्या वाटेला न जाता थेट आणंदच्या म्हशींकडे जातो.

खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मुंबई शहराला दूध हवे होते. ते आणविण्याचे काम सरकारने एका खासगी डेअरीकडे सोपविले आणि भावाविषयी शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले. त्या झगड्यातून, त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली, 14 डिसेंबर 1946 रोजी सहकारी दूध संघ नोंदला गेला. ही झाली चळवळ. शोधाची निकड पुढेच उत्पन्न झाली.

म्हैस हिवाळ्यात भरपूर दूध देते, उन्हाळ्यात आटते. मुंबईची तहान मात्र बारमाही. हिवाळ्यातले जादा दूध शहर घेईना. मग त्याची भुकटी करावी, हा सरळ उपाय. पण भुकटी गाईच्या दुधाचीच होते, म्हशीच्या दुधाची होणार नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत पडले. ज्या देशांत हे शास्त्र वाढले तेथे म्हैसच नव्हती, ही त्यातली गंमत! संघाचे दुग्धतंत्रज्ञ हरिचंद दलाया यांनी रंग फवारण्याची बंदूक आणि हवा तापविण्याचे साधन घेऊन मुंबईत प्रयोग केला, आणि भुकटी पडली. 'युनिसेफ'ने यंत्रे दिली. 31 ऑक्टोबर 1955 रोजी आणंदच्या कारखान्याचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पुढे म्हशीच्या दुधापासून बालकांचे अन्न करण्याची कृती म्हैसूरच्या सरकारी अन्नतंत्र संस्थेने बसविली, ती आणंदने उचलली.

दलायांच्या बुद्धीला आमचा नमस्कार आहे. पण त्यांच्यापुढे तो प्रश्न टाकला कोणी? ज्यांचे दूध वाया जात होते त्यांनी. आणि तेच त्यांचे मालक होते! आमच्या मते सारी किल्ली येथे आहे.

आता आपल्याकडचा कांदा पाहा. साठविलेल्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून गॅमा किरणांचा उपयोग करण्याचे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने सिद्ध केले, आणि 2002 साली लासलगावी, कांद्याच्या माहेरघरीच, त्याचे केंद्र उभे राहिले. शास्त्र पक्के, जागा अचूक. तरीही बहुतेक कांदा चाळीतच पडून असतो, सडतो, वजनाला घटतो. 2007 पासून त्या केंद्रातून अमेरिकेला आंबा गेला, हे चांगलेच झाले. पण ते उभारले होते कांद्यासाठी. कारण उघड आहे. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. त्यासाठी शीतगृह लागते, शीतगृहाला वीज लागते, आणि त्या विजेचा खर्च कांद्याचा भाव सोसत नाही. हा हिशेब बागलाणातली कोणतीही शेतकरीण पहिल्याच बैठकीत बोटांवर मांडून दाखवील. शास्त्रज्ञाचा यात दोष नाही. त्याच्यावर तिची मालकी नाही, इतकेच.

संसदेने 2023 साली संशोधनासाठी नव्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचा कायदा केला. पैसा वाढला पाहिजे यात वाद नाही. 2020-21 साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम 0.64 टक्के आपण संशोधनावर खर्चीत होतो, आणि त्यात उद्योगांचा वाटा निम्म्याहूनही कमी. परंतु आमचे मागणे याहून लहान आहे. लासलगावचे केंद्र चालविण्यात कांदा उत्पादकांच्या संघाला वाटा द्यावा, व्यापाऱ्यांनी शीतगृहे बांधावीत, आणि पहिली पाच वर्षे त्यांच्या विजेचा भार सरकारने उचलावा.